मास्तरांचे भरलेले गाल

माझी ताई दूधवाल्यावर संशय घेते, तराजूवर संशय घेते, आणि कुणी तिची स्तुती केली तर या माणसाला आता काय हवंय असा विचार करते. लग्नाच्या आधीपासून ती अशीच आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्याने ती संशयी झाली, असं कुणी म्हणू नये. माझी तक्रार उलटी आहे. एवढी संशयी बाई, आणि जिथे संशय घ्यायला हवा होता नेमकी तिथेच गाफील राहिली.

ती आणि तिचा नवरा मिळून शिलाईचं दुकान चालवायचे. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, मीही. ते कोट-पँट कापायचे, ताई बायकांचे कपडे शिवायची आणि मी मधल्या स्टुलावर बसून हुक, बटणं, काजं करायचे. पुढे काचेचं दार आणि कटिंगचं टेबल, मागे दोन मशिनं, त्यामागे पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. मास्तर दिसायला छान होते. भरलेला चेहरा, आणि हसले की गालांमुळे डोळे बारीक व्हायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आमच्याकडे कोट नंतर शोभतो, आधी मास्तर शोभतो." हा विनोद ते रोज करायचे आणि ताई रोज नाक मुरडायची.

दोघांनाही एचआयव्ही असल्याचं एकाच आठवड्यात कळलं. मास्तरांचा खोकला जाईना म्हणून रक्त तपासलं, मग ताईचंही तपासायला सांगितलं. कुणाकडून कुणाला, हे ताईने एकदाच विचारलं. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "माझ्याकडूनच. लग्नाआधीचं." त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, पण दुकानात येत राहिली, कारण कापून ठेवलेले कपडे शिवून द्यायचे होते. ही गोष्ट आम्हा तिघांतच राहिली. बाहेर कळली असती तर आमच्या हातचा कपडा कुणी अंगाला लावला नसता.

गोळ्या सुरू झाल्या. मास्तरांचा खोकला थांबला, ताईच्या अंगात ताकद आली. दोघांची गोळी एकच, सकाळ-संध्याकाळ घ्यायची. दवाखान्याच्या खिडकीवरून दोघांच्याही बाटल्या ताईच आणायची, कारण त्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल अशी मास्तरांना धास्ती होती. रक्त तपासायची वेळ आली की त्यांना नेमकं मोठं काम यायचं. गोळी मात्र ताई स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि घोट गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मी तिला जेलर म्हणायचे.

काही वर्षं बरी गेली. मग एकदा ताईने स्वतःसाठी कपडा कापायला घेतला आणि दंडाचं माप पूर्वीपेक्षा कमी भरलं. आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला संशय टेपवर जातो. कापडी टेप ओढून ओढून लांबतो, आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. ताईने टेप कचऱ्यात टाकून नवा आणला. नव्यानेही तेच माप दाखवलं, तेव्हा ती दुकानदाराशी कडाकडा भांडून आली. शेवटी मी लोखंडी पट्टीवर नवा टेप धरून दाखवला. टेप बरोबर होता, ताईचा दंडच बारीक झाला होता.

त्यानंतर चेहरा गेला. गाल आत ओढले, कानशिलांपाशी खड्डे पडले, हातापायांवर शिरा दिसायला लागल्या. पोट मात्र होतं तसंच, उलट थोडं सुटलेलं. गिऱ्हाईक बायका तिच्याकडे बघायच्या आणि माप देताना अंग चोरायच्या. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या बहिणीला नक्की काय झालंय गं?" मी म्हटलं, "तिला तुमच्यासारखी गिऱ्हाइकं झालीत." ती बाई पुन्हा आली नाही, आणि ताईने त्याबद्दल मलाच झापलं.

मास्तर म्हणायचे, "तू जेवत नाहीस नीट, म्हणून." ही मला चीड आणणारी गोष्ट होती, कारण ताई माझ्या दुप्पट जेवायची. मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे गाल बघितले आणि त्यांना लगेच कळलं. "हे आजाराने नाही, गोळीने झालंय," त्या म्हणाल्या. "चरबी म्हणजे नुसता साठा नसतो. तिच्या पेशीसुद्धा जिवंत असतात, आणि प्रत्येक पेशीत तिला लागणारी ऊर्जा तयार करणारे बारीक भाग असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. ही गोळी विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाही. पण मायटोकॉन्ड्रियालाही स्वतःची नक्कल करावी लागते, आणि गोळी तिथेही आडवी येते. जुने झिजतात, नवे पुरेसे होत नाहीत, मग पेशी वाळतात. गालांवर, हातापायांवर ते आधी दिसतं."

"म्हणजे हे विषच आहे की," ताई म्हणाली.

"या गोळीनेच तुम्ही आज इथे बसलायत," बाई म्हणाल्या. "बंद अजिबात करायची नाही. दुसऱ्या गोळीसाठी मी लिहून पाठवते. ती यायला वेळ लागेल, पण ती आली की हे थांबेल."

"मग माझ्या नवऱ्याचे गाल कसे टम्म राहिलेत? गोळी तर तीच आहे."

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. काहींना फार उशिरा होतं. त्यांना एकदा रक्त तपासायला पाठवा."

बाई बोलल्या त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तरी ताई बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, "पुरुषांना चांगल्या गोळ्या देतात, बघ." मग तिने दोघांच्या बाटल्या गुपचूप बदलल्या. त्यांची ती घेऊ लागली आणि आपली त्यांना देऊ लागली. तिचे गाल भरले नाहीत आणि त्यांचे उतरले नाहीत. पुढचा संशय दुसऱ्या बाईचा. "याला कुणीतरी बाहेर चारतंय," ती म्हणाली, आणि मला त्यांच्या मागावर पाठवलं. मी गेले. मास्तर चहाच्या टपरीवर बसले, चहा प्यायले, टपरीच्या आरशात एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने आपला चेहरा बघितला आणि परत आले. मी ताईला सांगितलं, "बाई आहे. आरशात राहते." ताई त्या दिवशी मनापासून हसली.

मग मास्तरांचे कोट बिघडायला लागले. आधी एक कॉलर तिरपी कापली गेली, मग एका कोटाच्या दोन बाजू जुळेनात. ते म्हणायचे, "दिवा मंद आहे." आम्ही मोठा दिवा लावला. मग म्हणाले, "डोळ्यांपुढे काळे ठिपके फिरतात." ताईने त्यांचं तोंड हुंगून बघितलं, तर दारूचा वास नव्हता. एका दुपारी ते गिऱ्हाइकाला नमस्कार करायला उठले आणि बंद काचेच्या दारावर जाऊन आदळले.

हॉस्पिटलात एक गंमत झाली, जी मला आजही सहन होत नाही. मी एका हाताने मास्तरांना धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ताई होती. सिस्टर धावत आली, ताईचा दंड धरला आणि म्हणाली, "चला मावशी, तुम्ही आडव्या व्हा." ताई ओरडली, "मी नाही, हे!" सिस्टरने मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि खरंच गोंधळली.

रक्ताचे निकाल आले तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. अंगातली आजाराशी लढायची ताकद पार संपली होती, आणि त्यात दुसऱ्याच एका विषाणूने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. "हे गोळ्या घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "बरेच दिवस झाले असतील."

"माझ्यासमोर घेतात," ताई म्हणाली. "मी रोज बघते. तुमच्या लोकांनी रक्ताच्या नळ्या बदलल्या असतील."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. ताई मात्र तिथून तडक दुकानात आली आणि मी तिच्या मागे. तिने ड्रॉवर उपसले, चिंध्यांचं पोतं उलटं केलं, मशिनांच्या खाली हात घातला. मी म्हणत होते, "काय शोधतेयस?" ती म्हणाली, "काही सापडू नये म्हणून शोधतेय."

पडद्यामागे पुतळ्यावर एक कोट होता. त्याचा मालक शिवायला टाकून गेला तो परत आलाच नव्हता. मास्तर त्याला कुणाला हात लावू देत नसत. माणूस कधीही येईल, म्हणायचे. ताईने शिंप्याच्या सवयीने त्याचा खांदा दाबला आणि तिथेच थांबली. आतलं पॅड कडक होतं. तिने ब्लेडने अस्तर उसवलं. कापसाच्या जागी गोळ्या होत्या. थुंकीने भिजून, सुकून, एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या खांद्यातही तेच. मास्तर गोळी गालात धरून ठेवायचे, ती वळली की थुंकायचे, आणि कचरा ती रोज तपासते म्हणून इथे शिवून टाकायचे. टाके इतके बारीक होते की मला त्यांचं काम म्हणून आधी कौतुकच वाटलं, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

ताई रडली नाही. दुकानाला कुलूप लावून हॉस्पिटलात गेली आणि मास्तरांच्या खाटेशी उभी राहिली. "का?" एवढंच तिने विचारलं.

मास्तर आवाजाच्या दिशेने वळले. एक डोळा तेव्हाच गेला होता. "तू समोर बसायचीस," ते म्हणाले. "रोज तुझं तोंड बघत होतो. वाटलं, हे गोळीनेच होतंय, माझंही असं झालं तर आजार तोंडावर दिसेल. गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल."

"आणि माझ्या तोंडावर दिसला तो चालला?"

"तू गोळी घेत होतीस म्हणून तर तू..."

"मी जेवत नाही म्हणायचात तुम्ही," ताई म्हणाली. "सगळं माहीत असून म्हणायचात. मी भुतासारखी दिसते, तर तसं सरळ सांगायचं. त्यासाठी डोळे घालवायचे होते का, अहो?" मग मात्र ती रडली, इतकी की शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले.

मास्तर वाचले. नवी गोळी आली, दोघांनाही मिळाली, आणि रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. डोळे आले नाहीत. एकाला काहीच दिसत नाही, दुसऱ्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. आता कोटही ताई कापते. मास्तर दाराशी खुर्चीवर बसतात, आणि येणाऱ्या बायका आवाज बारीक करून मला म्हणतात, "डोळे सोडले तर मास्तरांची तब्येत कशी छान आहे. त्रास सगळा हिच्याच वाट्याला." मी काही बोलत नाही, कारण बोलले तर एकही गिऱ्हाईक उरणार नाही.

ताईचे गाल थोडे भरले, पण पहिल्यासारखे नाहीत. बाई म्हणाल्या, बहुधा एवढेच भरतील.

परवा दुकान बंद करताना मास्तरांनी विचारलं, "काय गं, भरले का तुझे गाल?" तिने सहज हो म्हणून टाकावं, असं मला मनापासून वाटलं. कळणार कुणाला होतं? ताईने कात्री खाली ठेवली, त्यांचा हात धरला आणि आपल्या गालावर नेला. त्यांची बोटं खड्ड्यात गेली आणि त्यांनी हात मागे ओढला. तिने तो सोडला नाही.

"नाही भरले," ती म्हणाली. "नीट बघा. आता रोज बघायचं."