वजन तेवढंच

माझा धाकटा भाऊ उभा जन्म वजनकाट्यावर बसला. मार्केटच्या फाटकाशी काचेची एक खोली, खिडकीबाहेर जमिनीत बसवलेला भलामोठा लोखंडी पत्रा. त्यावर खडीचे, वाळूचे ट्रक येऊन थांबायचे आणि हा आतून आकडा वाचून पावती फाडायचा. काम एवढंच, पण ऐट अशी की जगाचा न्याय याच्याच हातात आहे. ड्रायव्हर लोक त्याला काटेसाहेब म्हणायचे, निम्मे मानाने, निम्मे वैतागून. मी म्हणायचे, तुझ्यापुढे आपली आई येऊन उभी राहिली तरी तू आधी तिचं वजन बघशील. यात चेष्टा आहे हे त्याला कळायचंसुद्धा नाही. माणसाचे डोळे फसतात, काटा फसत नाही, असं तो मलाच उलट समजावून सांगायचा.

आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. त्यामुळे त्याला बोलायचा हक्क मी कधी सोडला नाही. एकाच इमारतीत आम्ही, मी खाली, तो आणि भावजय वरच्या मजल्यावर. जिना चढून रोज एकदा त्याच्याशी वाद घातल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

मग त्याच्या यकृतात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. काढता येईल म्हणाल्या, दीड महिन्याने ऑपरेशनला घेऊ, मात्र तोवर अंगातली ताकद टिकली पाहिजे. थोडं चालत राहा, मीठ कमी करा, अंडी-डाळी पोटात जाऊ द्या, असं बरंच काही सांगितलं. आणि आम्ही उठताना म्हणाल्या, वजन उतरू देऊ नका. बाकीचं सगळं याच्या कानावरून गेलं. वजन तेवढं डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्याच दिवशी घरात काटा आला. कामावरून पाच किलोचं लोखंडी वजन मागून आणून त्याने तो तपासून घेतला, तेव्हा कुठे त्यावर पाय ठेवला. अडुसष्ट भरलं. तेव्हापासून रोज सकाळी तीच अर्धी चड्डी घालून स्वारी काट्यावर उभी. मिठाशिवाय घास उतरत नाही म्हणून भावजय मीठ घालायची. पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर वजन उतरेल, हीच धास्ती. आकडा बघून झाला की ती जिन्यातून मला हाक मारायची, "ताई, तेवढंच आहे." माझा जीव भांड्यात पडायचा.

पण मला डोळे होते. त्याच्या मनगटावरचं घड्याळ सरकून कोपराकडे जायला लागलं. कानशिलं खोल गेली. सदऱ्याच्या गळ्यात माझी मूठ मावेल एवढी जागा झाली. आणि चपला मात्र रुतायला लागल्या, संध्याकाळी काढल्या की पट्ट्यांचे वळ उठलेले असायचे. मी म्हटलं, हे काही मला बरं दिसत नाही, चल दाखवून येऊ. तर माझ्यावरच उखडला. पाय भरलेत, अंग धरतंय, तुला चांगलं काही बघवत नाही, आणि आकडा काय खोटा आहे का? भावजय माझ्याकडे अशा काही नजरेने बघायला लागली की मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. त्याचं खरं ठरावं आणि माझं खोटं ठरावं, म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते.

राग येतो तो याचा, की हाच माणूस फाटकावर कुणाचं ऐकायचा नाही. वाळू भिजवून वजन वाढवून आणणारे ड्रायव्हर त्याने कितीतरी परत पाठवले. खोलीतून उतरायचा, ट्रकवर चढायचा, मुठीत वाळू दाबायचा आणि बोटांतून पाणी आलं की मागे फिर म्हणायचा. स्वतःच्या पायावर एकदा बोट दाबून बघावं असं काही त्याला सुचलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने सांगून टाकलं, अडुसष्ट होतं, अडुसष्ट ठेवलंय. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा चेहरा. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठा. त्याने एकदा झोका घेतला, दुसऱ्यांदा घेतला. मी हात पुढे केला, पण त्यांनी नजरेनेच मला थांबवलं. तो काही उठला नाही.

त्यांनी सगळं नीट समजावलं. आजाराने त्याचं मांस झडत होतं आणि त्याच वेळी पायांत, पोटात पाणी साठत होतं. जेवढं गेलं तेवढंच भरलं, म्हणून काटा जागचा हलला नाही.

"पण अडुसष्ट आहे ना?" तो म्हणाला.

"अडुसष्टच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यातलं तुमचं किती, ते काट्याला कळत नाही."

ऑपरेशन या अंगाला सोसणार नाही, टेबलावरच काही व्हायचं, असं त्या म्हणाल्या. पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या, मिठाला पूर्ण बंदी. महिन्याने या, ताकद आली असेल तर पुन्हा विचार करू. हे इतकं हळू आवाजात बोलल्या की मी काय समजायचं ते समजले.

बाहेर बाकावर तो बराच वेळ पायांकडे बघत होता. "मी रोज बघत होतो गं, ताई," एवढंच बोलला. मी जन्माची तापट बाई, पण त्या दिवशी चिडायला मला कुणी सापडेना. डॉक्टरीणबाईंवर चिडायचं? त्यांनी तर सांगितलं होतं. भावजयीवर? ती बिचारी मिठाचा डबा आठवून रडत होती. भिंतीला डोकं आपटावं असं वाटलं, पण तेवढ्यात रिक्षा आली.

गोळ्यांनी पाणी उतरलं. आता आकडा रोज खाली यायला लागला आणि डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, छान, असंच उतरू दे. काय म्हणावं या नशिबाला? पायांची सूज गेली आणि खालून नुसत्या काड्या निघाल्या. भावजयीची जिन्यातली हाक बंद झाली. मी दिवसभर तिच्या हाताखाली राबत होते, अंडी उकडत होते, त्याला धरून खोलीतल्या खोलीत चालवत होते, पण अंगाला काही लागत नव्हतं. शेवटी तर धरूनही पाय टेकेनात.

महिना भरला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्याने हट्ट धरला, वजन करा. मी म्हटलं, उभं राहता येत नाही, कसलं वजन? तर पडल्या पडल्या मलाच शिकवायला लागला. आधी भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग तीच गाडी रिकामी करून घ्यायची, मधला फरक म्हणजे माल. त्याने भावजयीकडे बोट केलं.

भावजय माझ्या खांद्याला लागेल एवढीशी बाई. लग्नाच्या दिवशी याच्याशेजारी ती दिसतसुद्धा नव्हती. तिने पदर खोचला, त्याच्या मानेखाली एक आणि गुडघ्यांखाली एक हात घातला आणि त्याला उचललं. काट्यावर जाऊन उभी राहिली. मी वाकून आकडा वाचला, ब्याण्णव. तिला धापसुद्धा लागली नव्हती. मग त्याला गादीवर ठेवून ती एकटी उभी राहिली, एकावन्न.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. आमच्या आधी त्याचाच हिशेब झाला होता. "आता बरोबर आलं." मग म्हणाला, "त्या बाईंना फोन कर, ताई. उद्या येत नाही म्हणावं."

भावजय अजून काट्यावरच उभी होती. मी तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि फोन शोधायला गेले.