भारा तीनदा आपटायचा

निजामाच्या राजवटीत डोंगरकड्याजवळच्या माळावर सरकारी कुरण होतं. त्याचा म्हातारा राखणदार शेजारच्या तांड्यावरचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण पहिल्याच दिवशी मला त्याचा राग आला.

पावसानं दगा दिलेलं साल होतं. कुरणात ढोरं सोडायला बंदी होती. विळ्यानं कापून डोक्यावर मावेल तेवढं गवत नेता येई. मी भारा घेऊन फाटकाशी आलो, तर म्हातारा घोंगडी अंथरून बसलेला. म्हणाला, "भारा हिच्यावर तीनदा आपटा."

"काहून? तिकडं गाय उपाशी मरून राहिली, अन् तुमी खेळ लावला व्हय?"

तो चिडला नाही. त्यानंच भारा उतरवून तीनदा आपटला. मग वाकून माझ्या धोतराला चिकटलेली कुसळंसुद्धा एकेक वेचली.

"गवत खुशाल न्या, भाऊ. बी मातर पुढच्या सालच्या ढोरांचं हाय."

घोंगडीतलं बी घेऊन तो कुरणातल्या उघड्या मुरमाकडे गेला आणि काठीनं माती उकरून चिमूट चिमूट पेरू लागला.

दोन पावसाळ्यांनी मी पुन्हा गेलो. त्या मुरमावर गुडघाभर गवत उभं होतं. म्हातारा मात्र वारला होता, अन् फाटकावर कुणीच नव्हतं. बरं झालं, कटकट वाचली, म्हणत मी भारा उचलून चालू लागलो. अर्ध्या वाटेवर पोटरीला कुसळ टोचलं.

डोक्यावरच्या भाऱ्यासकट मी माघारी वळलो.