कुसुमने माइक मागितला

कुसुम गेल्याचं मला फोनवर कळलं. सकाळचे दहा वाजले होते. मी डोळे तपासायला गेले होते आणि डॉक्टरांनी थेंब घातल्यामुळे समोरचं धड काही दिसत नव्हतं. फोन प्रज्ञाचा, म्हणजे कुसुमच्या मुलीचा होता. झोपेतच गेली, बहुतेक हार्ट अटॅक, असं तिने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, पुण्यानुमोदनाला तूच बोलायचं. पण खरं बोल." या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. खोटं कशाला सांगू, मला रडू नंतर आलं. आधी आली ती धास्ती.

चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये घरं एकाला एक चिकटून आहेत. कुसुमच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, ती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टिकल्यांची पाकिटं भरायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या कोपरापर्यंत चमकी चिकटलेली असायची. पत्ते खेळताना उघड उघड लबाडी करायची आणि पकडली गेली की आधी स्वतःच हसायची. तिचा नवरा सुरेश म्हणजे मंडळाचा खंदा कार्यकर्ता. जयंतीचं स्टेज असो की रक्तदान शिबिर, त्याच्यावाचून काही हलायचं नाही. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असलं की आधी त्याच्या दाराची कडी वाजायची. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, त्यातला तो होता. हे मला माहीत होतं... भिंत एकच होती ना.

कुसुमचा डोळा कधी काळानिळा झालेला असायचा, कधी कपाळाला टेंगूळ. विचारलं की म्हणायची, स्वयंपाकघरातल्या फळीला लागलं. एकदा मी शहाणपणा केला. सुरेशला गाठून सांगितलं, भावजी, ती फळी जरा वर घ्या, हिला सारखी लागते. आडून सांगितल्याने त्याला समजेल आणि कुणाचा पाणउताराही होणार नाही, असा माझा हिशेब. त्याने रविवारी सुतार बोलावला आणि फळी हातभर वर घेतली. चार लोकांत मला म्हणाला, वहिनी, तुमचं ऐकलं बरं का. पुढच्याच आठवड्यात कुसुमचा ओठ फाटला होता. तेव्हा तिने फळीचं नावही घेतलं नाही आणि मीही काही विचारलं नाही.

सुरेश गेला तो लिव्हरच्या आजाराने. आमच्याकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन असतं. बौद्धाचार्य वंदना घेतात, मग जवळची माणसं उठून दोन शब्द बोलतात. सूत्रसंचालन बहुतेकदा माझ्याकडे, कारण माझा आवाज बरा आहे. गेलेल्याचं वाईट बोलू नये हा रिवाज, त्यामुळे आमच्या सेक्टरमध्ये पाचव्या दिवशी प्रत्येकजण मनमिळाऊ होतो. सुरेशसाठी मी मितभाषी, निर्व्यसनी हे शब्द टाळले, तेवढी लाज शिल्लक होती. पण 'कुटुंबवत्सल' म्हणाले. जीभ सवयीने वळली, दुसरं काही नाही. समोर कुसुम पांढऱ्या साडीत बसली होती. ती उठली, माझ्यापाशी आली आणि तिने माइकसाठी हात पुढे केला. वाटलं, आभार मानणार.

"सगळे चांगलं बोललात. मंडळाचं काम त्याने मनापासून केलं, ते खरंय," ती म्हणाली. "पण एकोणीस वर्षं त्याने मला मारलं. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, तो त्याच्यामुळे. हे पण खरंय. दोन्ही लक्षात ठेवा."

तिचा दीर धावून आला माइक घ्यायला. म्हातारे बौद्धाचार्य बसल्या जागेवरून म्हणाले, "बोलू द्या तिला. तिचा नवरा होता." बोलायचं तेवढं तिचं बोलून झालं होतं. तिने माइक माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. मला पुढचं नाव पुकारायचं होतं, ते आठवेना.

नंतर महिनाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मेलेल्याची अब्रू घालवली, असं बायकाच म्हणत होत्या. मग त्यांतलीच एक कपडे वाळत घालता घालता तिच्याजवळ रडली, मग दुसरी आली. कुसुम कुणाला उपदेश करत नसे. कुठल्या घरातून आरडाओरडा ऐकू आला की मेथीची जुडी घेऊन सरळ तिथे जायची आणि निवडत बसायची. परक्या माणसासमोर हात उगारायला पुरुषांना लाज वाटते, एवढाच तिचा अनुभव होता. एकीला घेऊन पोलीस स्टेशनात गेली, तेव्हा घरगुती मामला म्हणून तिला परत पाठवू लागले. तक्रार लिहून घेईपर्यंत बाकावरून हलली नाही. मला कधीच काही बोलली नाही. शेवटी मीच विचारलं, माझा राग नाही येत तुला? म्हणाली, "येतो ना. पण रोज दुधाची पिशवी तूच आणतेस यार, किती राग धरणार?" मी हसले, पण ते मला लागलं.

तिच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. माझ्याआधीचे तिला रणरागिणी म्हणाले, झुंजार म्हणाले. मीही चार पानं लिहून नेली होती, ती घडी करून पर्समध्ये ठेवली. म्हटलं, मी भिंतीपलीकडे राहते. सगळं ऐकू यायचं. तिचं रडणं ऐकून मी कुकर लावला आहे, माझ्या मुलांची शुद्धलेखनं तपासली आहेत. एकोणीस वर्षांत एकदाही तिचं दार वाजवलं नाही. आणि याच हॉलमध्ये तिच्या नवऱ्याला कुटुंबवत्सल म्हटलं. एवढं बोलून माइक खाली घेतला.

मागच्या रांगेतून, कुसुमच्या पलीकडच्या घरातले कांबळेकाका उठले. ऐंशीच्या पुढचे आहेत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "मला पण ऐकू यायचं," म्हणाले. त्यांच्यामागे आमच्या समोरच्या घरातली शालिनी उठली. मग तिची सासू. मग मंडळाचे दोघे. शेवटी कुसुमचा दीर उठला. दोन-तीन मिनिटांनी कांबळेकाका खाली बसायला लागले, गुडघे दुखत असणार.

प्रज्ञा पुढच्या रांगेत होती. तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"बसू नका," ती म्हणाली. "जरा वेळ उभेच राहा."

आम्ही उभे राहिलो.