गुंडप्पा सरांचे शुभेच्छुक

आमच्या अहमदपुरात गुंडप्पा सरांचा फोटो नसलेला फ्लेक्स सापडला तर मला कळवा. सर बसस्टँडामागे कम्प्युटर क्लास चालवतात. कुणाचं बारसं असो की कुणाच्या बोअरला पाणी लागो, शुभेच्छुकांत सर असतातच. न केलेल्या कामाचं श्रेय शालीसारखं अंगावर घ्यायची त्यांची हातोटी मी शेजारच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून रोज बघतो, आणि रोज माझं डोकं फिरतं.

त्यांच्या क्लासात सुकन्या शिकवते. दुकानदारांच्या हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. ते वापरायचं कसं, हे मराठीत कुणीच लिहिलं नव्हतं. सुकन्यानं वर्षभर खपून लिहिलं. पानं त्या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर चढवली सरांच्या खात्यावरून, कारण क्लासातलं सगळं सरांच्याच नावानं चालतं. पानाखाली लिहिणाऱ्यांच्या नावांसाठी जागा होती. सरांनी तिथं फ्लेक्सच लावला. प्रेरणास्थान शंकरप्पा, म्हणजे सरांचे सासरे. मार्गदर्शक सर स्वतः. शुभेच्छुक म्हणून पतसंस्थेचं अख्खं संचालक मंडळ, फोटो आणि मोबाईल नंबरांसकट. लिहिणारीचं नाव कुठंच नाही.

अशातच सुकन्याला एका कंपनीत अशीच सॉफ्टवेअरची माहिती लिहिण्याची नोकरी चालून आली. घरी बसून करायची. त्यांनी एवढंच मागितलं, की तुमचं काम तुमच्या नावानिशी दाखवा. ती सरांकडे गेली.

"सर, माझं बी नाव टाका की."

"अगं, एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत तुझं नाव कसं बसंल? बरं दिसतंय का ते? पुढच्या टायमाला बघू."

ती माझ्या दुकानात येऊन रडली. मला सरांचा असा संताप आला की विचारू नका.

मग लातूरच्या एका किराणा दुकानदारानं ते पान वाचून हिशेबाचा बॅकअप घ्यायला गेला आणि महिन्याची बिलं घालवून बसला. पानावर एक पायरीच नव्हती. फोटोंना जागा पुरेना म्हणून सरांनी ती उडवली होती. दुकानदारानं खालच्या एकेका नंबरावर फोन करून सगळ्यांचा उद्धार केला. दुपारपर्यंत प्रेरणास्थान गळालं, संध्याकाळपर्यंत संचालक मंडळ. शेवटी सरांनी स्वतःचंही नाव काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "ही सर्व पाने पहिल्या शब्दापासून कु. सुकन्या यांनी एकटीने लिहिली आहेत. आमचा काहीही संबंध नाही."

सुकन्यानं गाळलेली पायरी परत घातली, दुकानदाराची समजूत काढली आणि ते पान सरांच्या त्या ओळीसकट कंपनीला पाठवलं. नोकरी लागली.

सर पेढे खायला हजर. "काय गं, आता तरी माझं नाव टाकलंस का न्हाई तिथं?"

"टाकलंय की, सर," सुकन्या म्हणाली. "ती पायरी कुणी उडवली, त्याच्याम्होरं. ठळक अक्षरात हाय."