बारदान्यात गुंडाळलेला गॅस

"ताई, सकाळपासून बॉयलर बंद हाय. ओली तूर ड्रायरमधी पडून हाय, वास मारायला लागंल. संध्याकाळपर्यंत गॅस न्हाई आला तर तुमची टाकी उचला. मी आपला भुश्शावर बरा!"

फोनवर उदगीरच्या डाळ मिलचे शेठ होते. मी नांदेडला, एलएनजी पुरवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. या भागातलं हे आमचं पहिलंच गिऱ्हाईक, तेही भुसा जाळणं सोडायला मीच पटवलेलं. तशीच गाडी काढली.

एलएनजी म्हणजे उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत गार करून द्रव केलेला नैसर्गिक गॅस. त्याची टाकी म्हणजे मोठा थर्मासच. तिथून तो व्हेपोरायझरमध्ये येतो. त्यात ॲल्युमिनियमच्या पात्या लावलेल्या उभ्या नळ्या असतात. त्या हवेतली ऊब घेतात, द्रवाचा पुन्हा गॅस होतो आणि बॉयलरला जातो. गॅस फार गार राहिला तर व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो.

मिलमध्ये पोचले, तर पॅनलवर नेमका गॅस फार गार असल्याचा अलार्म होता. टाकी भरलेली, प्रेशर ठीक. मागच्या अंगाला गेले आणि बघतच राहिले. अख्खा व्हेपोरायझर बारदान्यात गुंडाळलेला, वरून सुतळीचे घट्ट वेढे.

"हे कोणी केलं?"

मुकादम माधवमामा छाती काढून पुढं आले. "म्याच की, ताई. नळ्यांवर बर्फ धरून राहिला व्हता. सारी थंडी फुकट चाललेली. लग्नात बर्फाची लादी आमी अशीच बांधतो."

"मामा, इथं थंडी घालवायचीच असते!"

"मंग ट्रेनिंगला तुमीच म्हन्लात ना, थंडी गेली की माल उडाला?"

म्हटलं होतं. टाकीपाशी उभी राहून, चांगले हातवारे करून. नळ्यांचं मात्र जेवायची वेळ झाली म्हणून अर्ध्या वाक्यात उरकलं होतं. शेठ माझ्याकडे बघत होते.

"चूक माझी आहे, शेठ," मी म्हणाले. लाज वाटली, आणि हसूही आवरेना.

पोती सोडली. नळ्यांवर साध्या पाण्याचा पाइप धरला. बर्फाचे तुकडे धडाधड खाली पडायला लागले. मामा सगळ्यांत खूश. तासाभरात गॅसचं तापमान वर आलं, व्हॉल्व्ह रीसेट केला, बॉयलर पेटला.

शेठनी ड्रायरमधली मूठभर तूर नाकाशी धरली. "वाचली. ऱ्हाऊ द्या टाकी."

मामा पोत्यांच्या घड्या घालत होते. "बांधली मातर लई झ्याक व्हती, ताई."

तेव्हापासून ट्रेनिंगच्या शेवटी "समजलं का?" असं मी विचारत नाही. मुकादमालाच उभं करते आणि सगळं परत मलाच शिकवायला लावते. जेवणाची सुट्टी त्यानंतर.