फुईचं रडणं

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत मी बरीच वर्षे शेजारच्या काकांचं काम केलं. काका दर भागात काहीतरी घोळ घालायचे आणि शेवटी गळा काढून रडायचे. लोकांना ते रडणं फार आवडे. लग्नात, बँकेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे मी आ वासून बसलेलो असताना ते करून दाखवायची फर्माईश झाली. मुलाखत घेणारे विचारतात, हे कुठे शिकलात? मी काहीबाही सांगून वेळ मारून नेतो. खरं तर ते मी माझ्या आत्याचं उचललं. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी धुळ्याला एका जिनिंगमध्ये कारकून होतो. दिवसभर कापसाच्या गाठी, आणि गणपतीत, गॅदरिंगमध्ये किंवा एखाद्या वकिलाकडच्या बारशात नकला. नकलाकाराला तेव्हा लोक चहा देत, टाळ्या देत, मुलगी मात्र देत नसत. माझ्याकडे मोटारस्टँडवरचा कंडक्टर होता, घोगऱ्या आवाजाचा मामलेदार होता. पण ते धुळ्यातले सगळेच नकलाकार करत. माझं म्हणावं असं काही नव्हतं, आणि त्याशिवाय या धंद्यात पुढे सरकता येत नाही, एवढं मला कळत होतं.

आमच्याकडे कुणी वारलं की परगावाहून येणारी बाई वेशीपासूनच रडत येते. नुसते हुंदके नव्हेत. आधी नातं पुकारायचं, मग एखादी आठवण सांगायची, पुन्हा नातं, आणि हे सगळं सुरावर. घरातल्या बाया आवाजावरून ओळखतात कोण आलं ते, आणि तिला घ्यायला दारापर्यंत जातात. माझी फुई, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, या रडण्यात नावाजलेली होती. तिला भडगावला दिलेलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. वडील दर आखाजीला स्वतः गाडी जुंपून तिला आणायला जात. आणि कुणाच्या मयताला फुई दाराशी आली की ओट्यावर बिडी ओढत बसलेले पुरुषही डोळे पुसू लागत. तिच्या रडण्याने गेलेल्या माणसाची किंमत वाढते, असं वडील म्हणत, आणि ते चेष्टेने म्हणत नसत.

मी त्याची नक्कल बसवली. एक म्हातारी मोटारीतून उतरते, चुकीच्या गल्लीत शिरते, एका दारापुढे गर्दी बघते आणि तिथेच सुरू होते. ते घर असतं हळदीचं. नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसलेला. म्हातारी त्याच्याच गळ्यात पडते, बाया तिला ओढतात, आणि शेवटी पदराला नाक पुसून ती विचारते, "पन मरनं कोन ते त सांगा!"

धुळ्यात या नकलेने माझं नाव केलं. वर्षभरात भडगावच्या गणपतीचं बोलावणं आलं. मी मुक्कामाला फुईकडेच उतरलो आणि तिने येऊ नये म्हणून नाना सबबी सांगितल्या. ती आलीच. बायांमध्ये पुढे बसली आणि सगळ्यांत जास्त हसली. घरी भाकरी वाढताना म्हणाली, "गंमत चांगली शे. पन तू मधमाच दम लेस. आगोदर नातं पुकार, मंग दम ले. लोकेसले आयकू दे कोन गयं ते."

मी तसं केलं. पुढच्याच कार्यक्रमात पारोळ्याला "मना भाऊ रे" म्हणून मी श्वासापुरता थांबलो, आणि त्या थांबण्यातच मंडप हसला. शेवटच्या वाक्यापर्यंत जायचीही गरज उरली नाही. त्या जागेवर पुढची काही वर्षे माझं पोट चाललं.

नक्कल जत्रांतून गावोगाव गेली. माझ्यापेक्षा जास्त फिरली, कारण पोरंसोरंही ती करू लागली. मग दोंडाईच्याला फुईच्या सासरकडचं कुणीतरी वारलं. ती वेशीपासून रडत गेली, दाराशी पोचली, नातं पुकारलं, दम घेतला, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पन मरनं कोन ते त सांगा." लोक हसले. जिचा नवरा गेला होता तीही हसली म्हणतात. फुई गप्प झाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानंतर ती कुणाच्याही दारावर गेली तरी कोरडीच बसे. बाया नावं ठेवू लागल्या.

हे मला वडिलांनी सांगितलं. रागावून नाही, काळजीने. "ती आते कोठेच रडत नही," ते म्हणाले. "मी मरसू तव्हय मना दारवर कोन रडी?" मी म्हटलं, आबा, तुम्ही आधी मरायचं तर ठरवा. ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच हवं होतं ते. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस, त्याच्याबद्दल चारचौघांत कुणी सुरात चार शब्द बोलणार ते एवढ्या एकाच वेळी.

द्विभाषिक मुंबई राज्याचे दिवस होते ते. नभोवाणीवरून मला विचारणा आली होती, मुंबईला जायचं घाटत होतं. तशात गावी वडील गेले. थोडक्या आजारात गेले.

फुई दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने येणार होती. आत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, आम्ही पुरुष ओट्यावर. मोटार आल्याचा आवाज झाला तसं सगळं घर कान देऊन बसलं. वेशीकडून काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने फुई गल्लीतून आली, साधी चालत, बाजारातून आल्यासारखी. आई तिच्या गळ्यात पडून रडली. फुई तिला धरून कोरडी उभी राहिली आणि मग आत जाऊन बसली. बायांनी एकमेकींकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात फुईने मला हाक मारली. "आठे ये. बस."

मी बायांमध्ये जाऊन तिच्यापुढे बसलो. ती अगदी हळू बोलत होती. "तोंड उघाडं का मालेच आयकू येस, मरनं कोन. माले आते जमत नही. तू रड. तुले मना आवाजमा रडता येस."

पुरुषाने असं रडायचं नसतं. तरी मी खांद्यावरचा पंचा डोक्यावर ओढला. मला वाईट वाटत होतं का, हे आठवत नाही. आवाज नीट लागेल की नाही, याची भीती वाटत होती, एवढं आठवतं. मी फुईच्या आवाजात सूर लावला आणि म्हणालो, "मना भाऊ रे." आणि सवयीने थांबलो.

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मला पुढचा श्वास घ्यायचा होता. तो मी घ्यायच्या आत फुईचा आवाज आला. "मना भाऊ रे, माले आखाजीले लेवाले आते कोन ई रे." मग ती थांबेना. गाडीच्या बैलांची नावं, तिच्या लग्नात वडिलांनी डोक्यावरून वाहिलेलं पाणी, तिची माळ हरवली तेव्हा त्यांनी स्वतःवर घेतलेला आळ, सगळं आलं. हसणारी रडली. ओट्यावरचे पुरुष रडले. मी पंचा तोंडावर धरून बसून राहिलो. वडिलांसाठी मी रडलो ते तेवढंच, आणि तेही त्यांना भाऊ म्हणून.

पुढे मुंबई झाली, नभोवाणी झाली, नाटकं झाली, मग टीव्ही. रडणं सगळीकडे माझ्याबरोबर आलं. दिग्दर्शक मला सांगत, "काका, नातं पुकारल्यावर जरा थांबा ना, तिथे हशा आहे."

तिथे हशा आहे हे मला त्यांच्याआधीपासून ठाऊक आहे. मी थांबत नाही. ती जागा फुईची आहे.