सोजरबाईंची हरकत

सोजरबाई म्हस्कू कोळपे (१९५४–२०२५), राहणार इनामगाव, तालुका शिरूर. त्यांच्या दाव्याच्या काळात मी न्यायालयाच्या आवारात अर्ज लिहिण्यासाठी बसत असे, आणि त्यांचा बाक माझ्या टेबलाला लागून होता. बाक त्यांचा म्हणायचा एवढेच; त्यावर त्या क्वचितच बसल्या.

त्यांचा जन्म मेंढरांच्या फिरत्या वाड्यातला. लग्नानंतर घोड नदीकाठी जमीन कसली, तरी पायांची सवय सुटली नाही. तारखेच्या दिवशी त्या खांबापासून नळापर्यंत आणि नळापासून फलकापर्यंत येरझाऱ्या घालीत. वादाचा विषय गाडीवाटेचा होता. चुलत दीर सावळाराम यांनी आपल्या बांधावरची वाट तारेने बंद केली होती. ऊस डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागे. वीस वर्षांहून अधिक काळ हक्काने वहिवाट होती, एवढे सिद्ध झाले की वाट मिळणार होती.

सासूने क्षणभर तरी बसावे म्हणून सून पूनम हिने मोबाइलवर कोर्टाचा एक खेळ घेतला. पूनम रांजणगावच्या कारखान्यात कामाला. तारखेला रजा काढून येई. खेळणाराने वकील व्हायचे, साक्षीदाराच्या जबानीतले खोटे हेरायचे, योग्य कागद पुढे करून ‘हरकत’ घ्यायची. पाच चुका झाल्या की खेळ संपला. मजकूर इंग्रजी, पूनम मराठीत सांगे; ‘हरकत’चे बटण सोजरबाई दाबत.

“पूनम, ह्यो बाबा खोटं बोलतोय. मगाशी म्हनला पाय मोडलाय, आन् आता म्हंतोय भिताडावरनं उडी मारली!”

“आत्या, मला वाचू तर द्या.”

“तुझं वाचून हुस्तवर त्यो सावळा म्हातारा व्हईल. आन् ह्यात तारीख कशी पडत न्हाई गं?”

“पडली तर खेळंल कोण?”

मी तो खेळ दोनदा चष्मा लावून पाहिला. स्मरणाची आणि अवधानाची कसोटी त्यात खरोखर लागते, हे नमूद केले पाहिजे. निरक्षर सोजरबाई सुनेच्या आधी विसंगती पकडत. मात्र तेथील साक्षीदार कागद पाहताच घाम पुसून सत्य सांगतो, हे मला खटकले. तसे मी बोललोही. सोजरबाई तोवर नळापर्यंत पोहोचल्या होत्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सावळाराम यांचा उलटतपास होता. सोजरबाईंच्या वकील मोनिकाताई यांच्या फाइलच्या तळाशी १९९६ सालचे एक छायाचित्र होते. बांधावरून चाललेली उसाची बैलगाडी, कासरा धरलेले त्यांचे पती म्हस्कू आणि गाडीवर बसलेले खुद्द सावळाराम. गाडी कधी गेलीच नाही, असे आधी शपथेवर वदवून घ्यायचे आणि मग छायाचित्र पुढे ठेवायचे, असा क्रम ठरला होता.

“तुमच्या बांधावरून वादींची गाडी कधी गेली होती का?” मोनिकाताईंनी विचारले.

सावळारामांनी तोंड उघडले. तेवढ्यात मागच्या बाकावरून सोजरबाई उठल्या.

“हरकत हाय! फोटू दावा त्याला! गाडीवर ह्योच बसलाय!”

“आजी, खाली बसा,” न्यायाधीश म्हणाले. “पुन्हा आवाज आला तर बाहेर बसावे लागेल.”

सावळारामांनी तोंड मिटले. घोटभर पाणी प्यायले.

“जायची की साहेब. आम्हीच जा म्हनायचो. भावकी हाय. मी गाडीवर बसलो, म्हंजी माझी परवानगीच झाली की.”

छायाचित्र दाखल झाले, जबाबही टंकलिखित झाला. परवानगीने दिलेल्या वाटेवर हक्क साचत नाही, हा कायदा आहे.

व्हरांड्यात सोजरबाई खांबाला दोन फेऱ्या घालून थांबल्या. “त्या गेममदी तर लगीच कबूल करत्यात.”

“आजी, तिथल्या साक्षीदाराला नवं उत्तर जुळवायला कुणी वेळ देत नाही,” मोनिकाताई म्हणाल्या. “इथं तुम्ही दिलात.”

पूनम रडू लागली. “माझंच चुकलं, आत्या.”

“गप. बोट माझं, तोंड बी माझंच.”

पुढील वर्षी लोकअदालतीत तडजोड झाली. दहा फुटांची वाट वादी व वारसांना मिळाली. परंतु ‘सावळाराम यांच्या संमतीने’. त्या शब्दापायी सोजरबाईंनी दोन वेळा अंगठा द्यायचे नाकारले. तिसऱ्या वेळी ऊसतोड तोंडावर आली होती. उभ्यानेच अंगठा दिला. त्या हंगामात ऊस गाडीने बाहेर पडला.

त्यांच्या पश्चात मूळ छायाचित्र परत मिळण्याचा अर्ज मी लिहिला, आणि ते पूनमला मिळाले. सावळाराम यांचे तरुणपणचे दुसरे छायाचित्र नाही. त्यांनी निरोप पाठवून एक प्रत मागितली आहे. ती अद्याप दिलेली नाही.

“हक्कानं मागत्यात का परवानगीनं,” पूनमने मला सांगितले, “तेवढं लिहून आणा म्हनावं.”